जुन्या यंत्राच्या वतीनं

आक्कांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "किती वाजले?" म्हटलं, की घड्याळाकडे बघण्याआधी त्या विचारणाऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "कशाला पायजे?" बस गाठायची असेल तर मिनिटासकट वेळ सांगत. जेवायला उठावं का, एवढंच ठरवायचं असेल तर "आहे अजून वेळ" म्हणून पुन्हा कंप्युटरच्या पडद्याकडे वळत. यात खडूसपणा नव्हता. समोरच्याला नेमकं काय हवंय ते कळल्याशिवाय दिलेलं उत्तर त्यांना उत्तरच वाटत नसे. पण हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने गेले. तोवर मी त्यांना वेळ विचारणं सोडून सरळ मनगटी घड्याळ विकत घेतलं होतं.

फोनचंही तेच. हैदराबादच्या हिमायतनगरात एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं कंप्युटर दुरुस्तीचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि फोन आक्कांच्या टेबलावर होता. फोन वाजला की त्या "कोण?" म्हणत, मग "कशासाठी?" म्हणत, आणि मग गप्प राहून ऐकत. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, चुकून पोलीस ठाण्यात फोन लागला. मालकांनी एकदा फोन स्वतःच्या खोलीत हलवून पाहिला. आठवड्याभरात तो परत आक्कांच्या टेबलावर आला, कारण जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार होईनात.

त्याचं कारण असं, की आक्का खोटं बोलत नसत. मोठं खोटं सगळेच टाळतात. आक्का बारीकसं, सोयीचं, धंद्यात चालून जाणारं खोटंही बोलत नसत. कुणाचा कंप्युटर बंद पडला आणि त्यानं फोन केला, की "इंजिनिअर निघालाय, रस्त्यातच आहे" असं सांगायची रीत तेव्हा शहरभर होती. आक्का सांगायच्या, "इंजिनिअर इथंच चहा पितोय. कप संपला की निघेल. पाऊण तास धरा." आमचे मालक मूळचे विक्री खात्यातले, गोड बोलण्यावर आयुष्य काढलेले तेलुगू गृहस्थ. ते खोलीच्या दारात उभे राहून कपाळाला हात लावत. पण पाऊण तास म्हटलं की गिऱ्हाईक पाऊण तासाच्या हिशेबानं स्वतःचं काम लावून घेई, आणि इंजिनिअर पोचला की त्याला चहा देई. मालकांना हे कळत होतं. म्हणून ते कपाळाला हात लावण्यापलीकडे कधी गेले नाहीत.

हैदराबादेत "परसों" हा एक गमतीचा शब्द आहे. परवापासून ते चार वर्षांपूर्वीपर्यंतचा कुठलाही दिवस परसों असू शकतो, आणि पुढचाही. आक्कांनी हा शब्द ऑफिसात बंद केला होता. कुणी "परसों दिया ना मैं आप को" म्हणालं की आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करत आणि विचारत, "कौनसा परसों?" सुटे भाग आणून देणारा माणूस तर जिना चढतानाच वार आठवत यायचा.

मी पुण्याहून आलेली. चिक्कडपल्लीत एका कुटुंबात पैसे देऊन राहत होते आणि हैदराबादेत मराठी बोलणारं कुणी भेटेल अशी अपेक्षाही नव्हती. मुलाखतीला गेले तेव्हा सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि टेबलावर हेल्मेट अशा अवतारातल्या पन्नाशीच्या बाई समोर बसल्या होत्या. माझं आडनाव वाचून त्या एकदम मराठीत म्हणाल्या, "तुला काय काय येत नाही ते सांग." काय येतं याची तयारी मी रात्रभर केली होती. काय येत नाही याची यादी मात्र बोलता बोलता इतकी लांबली की मीच ओशाळले. आक्का शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. सोमवारपासून ये."

त्यांचं मराठी मला आधी झेपलं नाही. त्यांचे वडील उदगीरकडच्या शेतकरी घरातले, निजामाच्या काळात शिकायला हैदराबादेत आले आणि इथंच राहिले. त्यामुळे घरात मराठवाड्याचं मराठी, गल्लीत दखनी उर्दू, शाळेत तेलुगू. "काय करलालीस?" असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा मला वाटलं माझं काही चुकलं. त्या फक्त काय चाललंय ते विचारत होत्या. मालकांशी त्या तेलुगूत बोलत, रिक्षावाल्याशी दखनीत, आणि माझ्याशी बोलताना मध्येच "हौ" नाहीतर "नक्को" येऊन जाई. सगळे त्यांना आक्का म्हणत, कारण तेलुगूतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. कुणाला काही शिकावं लागलं नाही.

त्यांचा डबा साडेअकराला उघडायचा. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची पचडी, रोज. साडेअकरा ही काय जेवायची वेळ, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "कारखान्याची सुट्टी तेव्हाच व्हायची." कारखाना म्हणजे कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी. तिथं आक्का तरुणपणापासून होत्या. ही कंपनी स्वतःचे कंप्युटर बनवायची. आराखडा इथला, जोडणी इथली आणि त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्सच्या घराण्यातली, बाहेरून कोड विकत आणून इथल्या माणसांनी इथल्या यंत्रावर बसवलेली. ते बसवणाऱ्यांत आक्का होत्या. मग आयात खुली झाली. बाहेरचे भाग स्वस्तात येऊ लागले, कुणीही खोलीत बसून कंप्युटर जोडू लागला आणि दोन-तीन वर्षांत कारखान्यानं स्वतःची यंत्रं बनवणं थांबवलं. कागदपत्रं रद्दीत गेली. माणसं अमेरिकेला गेली, बंगळूरला गेली, काही नुसती घरी बसली.

त्या काळात आमच्या ऑफिसात कारखान्यातली जुनी माणसं चहाला येत आणि सगळं संपलं म्हणून हळहळत. आक्का त्यात कधी सामील झाल्या नाहीत. त्यांना नव्या गोष्टींचं लहान मुलीसारखं कौतुक होतं. आबिडसच्या दुकानातून आणलेल्या एका परदेशी मासिकासोबत एक सीडी मिळाली होती. तिच्यात युनिक्सच्याच जातीची एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम होती, फुकट, आणि तीही मूळ कोडसकट. आक्कांनी ती सीडी दोन बोटांत उजेडाला धरून पाहिली होती. "पूर्वी यातलं एक पान बघायचं तर करारावर सही करावी लागायची," असं त्या येईल त्याला सांगत. दार उघडलं तर बाहेरचं आत येणारच, पण आपल्यालाही बाहेर जाता येतं की, असं त्यांचं म्हणणं होतं. जुन्या मंडळींना ते पटायचं नाही. ते चहा संपवून उठत.

मास्टरसाहेब आमच्याकडे आले ते अशाच एका दुपारी. अंध मुलांच्या एका शाळेच्या आवारात त्यांचा ब्रेलचा छापखाना होता. ते स्वतः जन्मापासून अंध, उर्दूचे शिक्षक, आणि निवृत्तीनंतर छापखाना बघत होते. तेलुगू आणि उर्दू पाठ्यपुस्तकांचा मजकूर कंप्युटरवर टाइप केला की एक प्रोग्रॅम त्याचं ब्रेल करून छपाईयंत्राला पाठवायचा आणि यंत्र जाड कागदावर टिंबं उठवायचं. हा प्रोग्रॅम कारखान्यातल्याच एका इंजिनिअरनं हौसेनं लिहून दिला होता. तो आता परदेशात कुठं होता ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचा मूळ कोड त्याच्याबरोबरच गेला होता. उरला होता फक्त चालता प्रोग्रॅम. तो चालायचा कारखान्याच्या जुन्या यंत्रावर, आणि त्या यंत्राची डिस्क आता दळण दळल्यासारखी वाजू लागली होती. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत नवी पुस्तकं छापून झाली नाहीत, तर मुलांना वर्षभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून शिकावं लागणार होतं.

मालकांनी नवा कंप्युटर आणि नवा प्रोग्रॅम असा बेत सुचवला. मास्टरसाहेबांनी नकारार्थी मान हलवली. नवा प्रोग्रॅम तेलुगू आणि उर्दू दोन्हीचं ब्रेल बिनचूक करायला लागेपर्यंत वर्ष जाईल, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. मग आक्का बोलल्या. त्या म्हणाल्या, की प्रोग्रॅम तसाच ठेवू. नव्या कंप्युटरवर ती फुकटची सिस्टिम बसवू, आणि जुनी सिस्टिम जे जे करायची ते ते तिला जुन्यासारखं करायला शिकवू.

हे काम काय होतं ते थोडक्यात सांगते. कुठलाही प्रोग्रॅम स्वतः फारसं काही करत नाही. ही फाइल उघड, हे छपाईयंत्राला पाठव, असं तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला सांगत असतो. ह्या गाभ्याला कर्नल म्हणतात. प्रत्येक सिस्टिमच्या कर्नलशी बोलायची पद्धत थोडी थोडी वेगळी. आम्हाला नव्या कर्नलमध्ये एक दुभाषी बसवायचा होता, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला आपण परक्या घरात आहोत हे जाणवू नये. बरीचशी भाषांतरं सोपी निघाली. अडलं ते एका विनंतीपाशी. तिच्यात प्रोग्रॅम काहीही करायला सांगत नाही, नुसती माहिती विचारतो: तू कोण, तुझी आवृत्ती कुठली, तुझ्याकडे मेमरी किती, तुझं घड्याळ सेकंदाला किती ठोके देतं. ब्रेलचा प्रोग्रॅम सुरू होताच हे विचारायचा, नाव अनोळखी आलं की "हे यंत्र माझं नाही" अशा अर्थाची एक ओळ लिहायचा आणि बंद पडायचा.

मी ते एका दुपारीत सोडवलं. प्रोग्रॅमनं नाव विचारलं की कारखान्याच्या सिस्टिमचं नाव आणि आवृत्ती सांगायची. बाकीच्या रकान्यांत नव्या कंप्युटरची खरी माहिती भरली. प्रोग्रॅम झटकन सुरू झाला. मालकांनी खालच्या हॉटेलातून चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली. आक्कांनी बिस्किट हातात घेतलं, खाल्लं नाही.

"नाव दुसऱ्याचं सांगितलंस?" त्यांनी मला विचारलं.

"तेच तर करायचं होतं ना, आक्का."

त्या बेचैन झाल्या. जन्मात कुणाला "घरी नाही" म्हणून सांगितलं नाही अशी ही बाई, आणि तिच्या हाताखाली मी एका कंप्युटरला दुसऱ्याच्या नावानं बोलायला लावलं होतं. मला हसू येत होतं. त्यांना येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, की रात्रभर त्यांनी विचार केला. तो प्रोग्रॅम नाव विचारतो, पण त्याला नाव नकोच आहे. त्या नावाचं यंत्र जसं वागतं तसं तू वागशील का, एवढं त्याला विचारायचं आहे. तेव्हा नाव सांगायला हरकत नाही. मात्र सांगितलं की मग सगळंच तसं वागलं पाहिजे. "नाव त्याचं आणि बाकी सगळं आपलं, असं केलं तर ते खोटं," त्या म्हणाल्या. मला हा शब्दच्छल वाटला. प्रोग्रॅम चालत होता. मालकांनाही तो चाललेलाच पाहिजे होता. छापखान्यातलं छपाईयंत्र ऑफिसात आणून आम्ही काही पानं काढली. टिंबं मला सुरेख दिसली. पानं घेऊन आम्ही दोघी रिक्षानं शाळेत गेलो.

मास्टरसाहेबांनी पान मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांची बोटं ओळींवरून फिरवली. पहिल्या ओळीला हसले. तिसऱ्या-चौथ्या ओळीला बोटं मंदावली. मग त्यांनी प्रत्येक ओळीचा फक्त शेवट तपासला.

"आपा," ते आक्कांना म्हणाले, "लाइन के आखिर में आ को लिखनेवाला थक जारा."

मी पान हातात घेऊन पाहिलं. मला काही दिसेना. आक्कांनी ते खिडकीशी नेऊन उन्हात तिरपं धरलं, तेव्हा लक्षात आलं. ओळीच्या सुरुवातीची टिंबं टणक उठलेली होती. शेवटाकडे त्यांची सावली पातळ होत गेली होती. मास्टरसाहेबांना तेवढंही वाचता येत होतं, पण पहिलीतल्या मुलाला येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. वाचायला शिकणाऱ्याला पुसट टिंब दिलं तर त्याला वाटतं चूक आपल्या बोटाची.

हे वाक्य आक्कांना लागलं असावं. परत येताना रिक्षावाल्याला वळण सांगायचंही त्यांनी माझ्यावर सोडलं. एरवी त्या पत्ता सांगत नसत, फक्त पुढचं वळण सांगत, आणि रिक्षावाले वैतागून जात.

त्यानंतर आक्का छापखान्यातच जाऊन बसल्या. त्यांनी एक बारीकसा प्रोग्रॅम लिहिला आणि जुन्या यंत्राला ती माहितीची विनंती परत परत करून त्याचं एकेक उत्तर उतरवून घेतलं. मेमरी किती, एका वेळी किती फाइली उघडता येतात, यंत्राचा क्रमांक काय. शेवटी घड्याळ. सेकंदाला साठ ठोके, असं यंत्रानं सांगितलं. आमचा नवा कंप्युटर सांगत होता शंभर, आणि ते खरं होतं. आक्का तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "सांगतंय साठ. देतंय किती?" असं म्हणून त्यांनी माझं मनगटी घड्याळ मागून घेतलं आणि मिनिटभरात खरोखर किती ठोके पडतात ते यंत्राकडून मोजून घेतलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं.

ठोके पन्नासच पडत होते.

आक्कांनी खुर्ची मागे सरकवली. खोलीत मी होते, मास्टरसाहेब होते, आणि ती डिस्क दळत होती. त्या म्हणाल्या, "हे मीच लिहिलेलं आहे."

कारखान्यात त्या माहितीच्या विनंतीला उत्तर देणारा भाग त्यांच्याच वाट्याला आला होता. बाहेरून आलेल्या कोडमध्ये साठ हा आकडा होता. इथल्या यंत्राचं घड्याळ पन्नासावर लावायचं ठरलं, ते लावलंही गेलं, पण उत्तर देणाऱ्या भागातला साठ बदलायचा राहून गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. ब्रेलचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं प्रत्येक अक्षरानंतर टिंबं उठवणाऱ्या हातोड्यांना उसंत द्यायची म्हणून सेकंदाचा एक छोटा भाग थांबायचं ठरवलं, आणि तो भाग त्या साठावरून मोजला. घड्याळ प्रत्यक्षात मंद असल्यामुळे हातोड्यांना त्यानं ठरवल्याहून जास्त विश्रांती मिळत गेली, आणि टिंबं शेवटपर्यंत टणक उठत राहिली. त्यानं ती हातानं तपासून घेतली असतील आणि समाधानानं घरी गेला असेल. आमच्या कंप्युटरनं खरा आकडा सांगितला, खरे ठोके दिले, आणि हातोडे दमायला लागले.

आक्कांना मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं शरमलेलं पाहिलं. त्या उठून मास्टरसाहेबांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना दखनीत सगळं सांगितलं: तुमचं यंत्र इतकी वर्षं खोटं बोलत होतं आणि ते खोटं माझं आहे. मास्टरसाहेबांनी ऐकून घेतलं.

"झूठ कैसा, आपा?" ते म्हणाले. "उसी पे बच्चे पढ़ लिए."

ऑफिसात गोष्ट कळल्यावर मालक खूश झाले. त्यांच्या दृष्टीनं आता चूक सापडली होती, ती सुधारली की काम संपलं. प्रोग्रॅमच्या आतला आकडा खोदून बदलायचा, कंप्युटर खरं बोलतोय तर बोलू द्यायचा. मीही तेच म्हणत होते. आक्कांसारख्या बाईला स्वतःची चूक नव्या कोडमध्ये मुद्दाम पुन्हा लिहिणं कसं सहन होईल, असं मला वाटत होतं. आक्कांनी आमचं दोघांचं बोलणं पुरतं होऊ दिलं.

"त्या प्रोग्रॅमनं माझ्या चुकीवर भरवसा ठेवला," त्या म्हणाल्या. "आता मी ती सुधारली, तर बरं मला वाटेल. पुस्तक कुणाचं बिघडेल?"

आणि त्यांनी ती चूक पुन्हा लिहिली. सांगताना साठ, देताना पन्नास. नव्या कर्नलचं खरं घड्याळ शंभराचं. दुभाषी त्यातला एक आड एक ठोका गाळून प्रोग्रॅमला देई. मेमरीही जुन्या यंत्राएवढीच सांगितली, कारण ती जास्त सांगितली तर प्रोग्रॅम पानं मोठ्या गठ्ठ्यानं पाठवायला लागेल, अशी त्यांना शंका होती. ती खरी की खोटी ते बघायला त्या थांबल्या नाहीत. जुनं यंत्र जे सांगायचं, ते सगळं तसंच. त्या ओळींच्या वर त्यांनी इंग्रजीत टीप लिहिली, जिचा मराठीत अर्थ असा होईल: "जुनं यंत्र असंच सांगायचं. हे चूक आहे. कृपया दुरुस्त करू नये."

पुढं मालकांकडे ईमेलची सोय आली तेव्हा आक्कांनी हा सगळा दुभाषी त्या फुकटच्या सिस्टिमवर काम करणाऱ्या परदेशातल्या मंडळींना पाठवून दिला. मालकांना वाटलं होतं आपण तो विकावा. आक्का म्हणाल्या, ज्यांच्या कोडवर उभा केला त्यांना परत द्यायला नको का. तिकडून कुणा तरुणाचं उत्तर आलं, की काम छान आहे, पण साठाच्या जागी पन्नास हवेत, मी बदलून टाकतो. आक्कांनी त्याला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात छापखाना होता, हातोडे होते, पहिलीतलं मूल होतं आणि त्याचं बोट होतं. त्यानं परत लिहिलं ते एकाच ओळीत, की टीप आहे तशी राहील. ते छापून आक्कांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आक्कांनी भिंतीवर किंवा काचेखाली लावलेली कॅलेंडरनंतरची ती पहिली वस्तू. आज त्या चिक्कडपल्लीत भाचीकडे राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, आणि मी पुण्याहून फोन केला की अजूनही आधी "कोण?" आणि मग "कशासाठी?" विचारतात. "सहज" हे उत्तर त्यांनी माझ्यापुरतं मान्य केलं आहे.

पण छापखान्याचं सांगायचं राहिलं. जुनं यंत्र त्या वर्षीच्या मे महिन्यात एका सकाळी सुरूच झालं नाही. तोवर निम्मी पुस्तकं व्हायची होती. नवा कंप्युटर तिथं नेऊन बसवला होता, पण मास्टरसाहेबांनी त्याच्या छपाईला अजून होकार दिला नव्हता. आक्कांनी तो बदल केल्यापासून काढलेलं प्रत्येक पान ते बोटांनी तपासत होते आणि "देखते", म्हणजे बघू, एवढंच म्हणत होते. आता परत जायला जुनं यंत्र उरलं नव्हतं. आक्का त्या दिवशी साडेअकराला जेवल्या नाहीत. डबा तसाच घेऊन लुनावरून शाळेत गेल्या, आणि त्यांच्या मागे बसून मी. नारायणगुड्याच्या चौकात रस्त्यावर कुणी नसताना त्या लाल दिव्याला थांबल्या आणि हिरवा होईपर्यंत हँडलवर बोटं वाजवत राहिल्या.

मास्टरसाहेब छापखान्यात नव्हते. सुट्टीतही वसतिगृहात राहिलेल्या काही मुली होत्या, त्यांच्या वर्गात ते असल्याचं शिपायानं सांगितलं. आम्ही व्हरांड्यातून गेलो तर आतून हलकी कुजबुज ऐकू येत होती. भूगोलाच्या नव्या पुस्तकाची सकाळी निघालेली पानं त्यांनी मुलींत वाटून टाकली होती. दहाबारा मुली खाली सतरंजीवर बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक पान, आणि प्रत्येक मुलगी आपल्या आपल्या गतीनं ओठांत वाचत होती. मास्टरसाहेब खुर्चीत बसून फक्त ऐकत होते. त्यांच्या हातात पान नव्हतं. आमच्या पावलांच्या आवाजानं त्यांनी मान वळवली आणि आत यायची खूण केली.

आक्का दाराजवळच्या मुलीपाशी गेल्या. ती नऊ-दहा वर्षांची असेल, दोन वेण्या, बोट ओळीच्या शेवटाकडे चाललेलं. आक्का तिच्या बोटाकडे बघत होत्या. ते ओळीच्या शेवटाला मंदावलं नाही. कोपऱ्यावरून वळलं आणि खालच्या ओळीला लागलं. आक्का खाली वाकल्या.

"क्या पढ़ रई बेटा?" त्यांनी विचारलं.

मुलीनं वर तोंड केलं नाही.

"जरा ठैरो जी," ती म्हणाली, "नदी अब्बी समंदर को नै पोंची."

आक्का डबा हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.